सात फेऱ्यांसाठी राखलेले पाय

उमरा करून आलेल्या माणसाला लोक काबाचं विचारतात. पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटलं, रडू आलं का, माझ्यासाठी काय मागितलंस. त्याची उत्तरं माझी खाला देईल, ती छान देते. मला विचाराल तर मी रस्त्याचं सांगेन. ऐकणाऱ्याचा विरस होतो, पण माझा इलाज नाही, मला रस्त्याचंच कळतं.

आमचा पुण्यात एक प्रवासी गट आहे. बस वेळेवर यावी, थांब्यावर सावली असावी, असल्या साध्या गोष्टींसाठी आम्ही ओरडतो. गटाची पत्रकं मी लिहिते आणि स्टेशनबाहेर उभी राहून मीच वाटते. लोक ती घेतात, पुढच्या वळणावर त्यात शेंगदाणे बांधतात. आमची सगळ्यात जुनी मागणी विमानतळापर्यंत रेल्वेची. ‘हा हक्क आहे, मेहेरबानी नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की आता हात आपोआप लिहितो. तशी रेल्वे मी कधी पाहिली मात्र नव्हती. गेल्या हिवाळ्यात पाहिली. जेद्दाच्या विमानतळातून मक्केला जाणारी गाडी निघते, त्या गाडीने मी खालाला घेऊन गेले.

घरी आम्ही दखनी बोलतो. इथे सगळं मराठीत लिहिलंय. खालाचे टोमणे दोन्ही भाषांत सारखेच लागतात.

भवानी पेठ

खाला म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. कॅम्पातल्या डॉक्टरांनी फोटो लावून दाखवले आणि म्हणाले, बदलून टाका.

“बदलते,” खाला म्हणाली. “आधी हे जुने तिकडे नेऊन आणते.”

“काकू, ऑपरेशननंतर जा की. आरामात चालाल.”

“डॉक्टरसाहेब, आयुष्यभर नमाज या गुडघ्यांनी पढली. आणि तवाफ तुमच्या लोखंडाने करू?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हजचे दिवस ठरलेले असतात, उमरा वर्षात कधीही करता येतो. काबाभोवती सात फेऱ्या घालायच्या, तो तवाफ. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, ती सई. शेवटी केसांची बट कापायची की झालं. सई चाकाच्या खुर्चीवर बसून करायला खालाची ना नव्हती. पण तवाफच्या सात फेऱ्या आपल्या पायांनी, हे तिने ठरवून टाकलं होतं. त्यासाठी निघायच्या आधी महिनाभर ती पाय राखून होती. जिना उतरायची नाही. कोथिंबीर हवी असली तर खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची. शेजारच्या लग्नाला गेली नाही. “पायांत जेवढं उरलंय तेवढं तिथे खर्चायचं आहे,” म्हणायची.

आमच्यात कुणी उमऱ्याला निघालं की गल्ली पोचवायला निघते. टेम्पो करतात, हार घालतात. खालाने सगळ्यांना बजावलं की कुणी यायचं नाही. लोक रुसले. तिच्या मुलालाही, इम्तियाजलाही, तिने घरीच ठेवला. बुधवार पेठेत त्याचं वायरी-बल्बांचं दुकान आहे. “दुकान उघड,” ती म्हणाली, “रडायला तिथेही जागा आहे.”

आता एक गोष्ट, जिच्यामुळे माझा सगळा प्रवास वेगळा झाला. उमऱ्याची नियत, म्हणजे मनाशी ठरवून एहरामात शिरणं, हे ठरावीक हद्द ओलांडण्याआधी करायचं असतं. विमानातून जाणाऱ्याला ती हद्द जवळ आली की वैमानिक सांगतो, तेव्हा केलं तरी चालतं. पण खालाला विमानात झोप येते.

“कप्तान बोलला आणि मी घोरत असले, तर?”

“मी उठवेन ना.”

“आणि तूही घोरत असलीस तर?”

म्हणून तिने भवानी पेठेतच, सकाळी आंघोळ करून, आपली नियत केली आणि मलाही करायला लावली. एहरामात असेपर्यंत अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, केस-नखं कापणं नाही. आणि भांडण नाही. पुण्याच्या घरापासून मक्केत केस कापेपर्यंत कुणाशीही वाद घालायचा नाही. हे शेवटचं ऐकून इम्तियाज हसायला लागला आणि बराच वेळ हसत राहिला.

“अम्मी, हिला सोडून दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जायचं होतंस.”

“दुसरी कुणी माझी पिशवी उचलत नाही,” खाला म्हणाली.

लोहगाव

मोबाइलवरून कॅब दोनदा बोलावली. पहिल्याने फोन करून कुठे जायचं ते विचारलं. मी सांगितलं, एअरपोर्ट. “बरं,” तो म्हणाला, आणि रद्द केली. दुसरा गल्लीच्या तोंडापर्यंत आला, गल्ली बघितली आणि निघून गेला. शेवटी रिक्षा थांबवली.

“मीटरने नाही जमणार ताई. तिकडून रिकामं यावं लागतं.”

या एका वाक्यावर माझं अख्खं पत्रक आहे, दोन्ही बाजूंनी छापलेलं. मी तोंड उघडलं. खालाने माझा दंड धरला. चिमटा काढला नाही, नुसता धरून ठेवला.

“बरं, तुम्ही म्हणाल ते,” मी म्हणाले.

रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून बघितलं की हे कुणाला चाललंय. पुण्यात असं कुणी म्हणत नाही.

“म्हणजे किती?” त्याने मलाच विचारलं.

“तुम्हीच सांगा.”

“नको. नंतर तिथे उतरून भांडाल.”

“ती भांडणार नाही,” खाला म्हणाली. “तिला सध्या बंदी आहे.”

“मावशी, ही बंदी कुठे मिळते? आमच्या घरी लावायची आहे.”

रस्ताभर तो खूश होता. नगर रस्त्यावर आमच्या डोक्यावरून मेट्रो जात होती. ती रामवाडीला जाऊन थांबते आणि विमानतळ डाव्या हाताला, फार लांब नव्हे, तसाच राहून जातो. ही रेघ मारणाऱ्याला विमान पकडायचं नव्हतं असं मी एकदा लिहिलंय. त्या दिवशी मनातसुद्धा म्हटलं नाही. मनातलं भांडण चालतं की नाही हे विचारून घ्यायचं राहिलं होतं.

विमानतळाच्या जरा अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. रिक्षा रांगेच्या शेपटाशी थांबली.

“इथेच उतरा ताई. आत गेलो की मी अडकतो.”

“यांना चालवत नाही.” एवढं मी म्हणाले, अगदी सौम्य आवाजात.

“समोर तर आहे,” तो म्हणाला.

पुण्यात ‘समोर’ या अंतराला माप नाही. एरवी मी रिक्षातून उतरले नसते. रांगेतले सगळे चालक जमा होईपर्यंत बोलले असते आणि तो मुकाट दारापर्यंत गेला असता, असं याआधी झालेलं आहे. मी खालाकडे बघितलं. तिने पाय आधीच खाली टाकला होता.

दोन बॅगा, एक पिशवी आणि खाला असे आम्ही त्या धुरातून निघालो. मधे टेकायला काही नव्हतं. ती एका खांबाला धरून उभी राहिली, मग दुसऱ्या. ओठ हलत होते. मला वाटलं दुवा पुटपुटतेय. जवळ गेले तर म्हणत होती, “हे कापायचेच नाहीत यातून. हे कापायचेच नाहीत.” ही पावलं पायांतल्या शिलकीतून कापायची नाहीत, असं म्हणत होती.

दारात विमान कंपनीचा माणूस चाकाची खुर्ची घेऊन आला तेव्हा ती झटकन बसली. “पुण्यात बसायला काय हरकत आहे,” ती म्हणाली. “फेऱ्या तिकडे आहेत.”

विमानांचं सांगण्यासारखं काही नाही. एकातून उतरलो, दुसऱ्यात चढलो. दुसऱ्यात गरम, सुगंधी रुमाल वाटले. खालाने आपला रुमाल चिमटीने उचलून परत दिला, जसा काही त्यात विंचू होता. मग डबा उघडून आम्ही कोरडा खिमा आणि चपाती खाल्ली. शेजारच्या सीटवरचा माणूस डब्याकडे बघत होता, तर खालाने त्यालाही एक गुंडाळी करून दिली. हद्द जवळ आल्याचं वैमानिक बोलला तेव्हा ती टक्क जागी होती. मी घोरत होते.

जेद्दा

लोहगाववरून गेलेल्या माणसाला तो विमानतळ विमानतळ वाटतच नाही. तिथे माशांची एक काचेची टाकी आहे, आमच्या इमारतीच्या उंचीची असेल. खाला खुर्चीतून मान वर करून ती बघत राहिली. “एवढे मासे, आणि कुणी तळत नाही,” म्हणाली.

खुर्ची ढकलणारा माणूस बांगलादेशातला होता. हसतमुख, दमलेला. कागदपत्रं, सामान, सगळं त्यानेच पार पाडलं. बाहेरच्या मोठ्या दालनात आलो तर समोर पाटी, पाटीवर आगगाडीचं चित्र आणि बाण. मी ती पाटी दोनदा बघितली, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं जे कागदावर मागितलं ते इथे बाण करून लावलं होतं.

तेवढ्यात त्या माणसाला कुणीतरी हाक मारली. एका खांबापाशी एक फार म्हातारे गृहस्थ उभे होते, एहरामच्या दोन पांढऱ्या कापडांत, खांबाला हात टेकून. त्यांना खुर्ची मिळाली नव्हती.

खालाने त्यांना बघितलं, मग बाणाकडे बघितलं.

“जा बाबा,” ती बांगलादेशी माणसाला म्हणाली आणि उठली. “त्यांना घे. आमचं स्टेशन तर आलंच.”

“खाला, थांबा. ते किती लांब आहे ते—”

“बाण दिसतोय ना?”

“बाण दिसतोय, स्टेशन दिसत नाहीये.”

“शबाना,” ती म्हणाली.

एवढंच. खुर्ची गेली.

मी आजवर कधी पत्रकात लिहिलं नव्हतं, आता लिहीन: ज्या बाणावर अंतर लिहिलेलं नाही त्याच्यावर तरण्या माणसानेच विश्वास ठेवावा. आमचा बाण दुसऱ्या बाणापाशी जात होता आणि तो तिसऱ्यापाशी. जागा सगळी स्वच्छ, गार, चकचकीत. तक्रार करावी असं बोटभरही काही नाही. फक्त लांब. ज्याने ती बांधली त्याच्या डोळ्यांपुढे चाकांची बॅग ओढणारा माणूस असणार. आणि त्याचंही चुकलं म्हणवत नाही, कारण मी जेव्हा विमानतळाच्या रेल्वेबद्दल लिहीत होते तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे तोच होता, वर त्याच्या हातात माझं पत्रक होतं.

मी सामानाची ट्रॉली आणली. बॅगा मागे रचल्या, पुढे शाल घातली आणि खालाला वर बसवलं. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि लग्नातल्या नवरीसारखी डोक्यावरून ओढणी सारखी केली. आम्ही जेमतेम निघालो तर एक पहारेकरी हात हलवत आला. पुण्यात मी विचारलं असतं, कुठे लिहिलंय? इथे मी विचारायच्या आधीच त्याने बोट दाखवलं. पाटी होती, चित्रासकट. ट्रॉलीवर माणूस बसलेला आणि त्याच्यावर लाल काट. आपल्यासारखे लोक इथे बरेच येऊन गेलेत, एवढं त्यावरून कळलं. खाला उतरली आणि चालू लागली.

पुढे सरकते पट्टे होते. मला हायसं वाटलं. एकदा पाय ठेवला की पट्टाच माणसाला पुढे नेतो, उभं राहायचं फक्त. खालाने पट्ट्याच्या तोंडाशी येऊन खाली बघितलं. जमीन जिथून सरकायला लागते ती फट बघितली.

“नाही,” ती म्हणाली.

“मी हात धरते. तुम्ही फक्त पाय ठेवा.”

“तो पळतोय.”

“हळू पळतोय, खाला. पाय राखायचेत ना? मग यावर उभ्या राहा.”

तिने पाय उचलला, हवेत धरला, परत घेतला. पुन्हा उचलला. आमच्या मागे रांग झाली. ती बाजूला सरली आणि पट्ट्याशेजारच्या साध्या फरशीवरून चालायला लागली.

मी तिच्याबरोबर ट्रॉली ढकलत राहिले. आमच्या शेजारून पट्टा वाहत होता, रिकामा, पायांची काळजी घ्यायला तयार. लोक त्यावर उभ्याउभ्या आमच्या पुढे जात होते, मोबाइल बघत. मला इतका राग आला होता की कानांत वाजत होतं, आणि तो कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. पट्ट्यावर? फरशीवर? खालावर काढायला तोंडाशी शब्द आले होते. सांगितलंच असतं की तुमच्या या भित्रेपणाने तुमच्या फेऱ्या जाणार. बंदी होती म्हणून वाचले.

तेवढ्यात पट्ट्यावरून एक इंडोनेशियाची बाई आली, पांढऱ्या कपड्यांतली, खालाच्याच वयाची. तिने हात पुढे केला, ये म्हणून. खालाने मान हलवली. ती बाई पुढे वाहून जायला लागली. मग तिने काय केलं, तर पट्ट्यावरच मागे फिरून, उलट्या दिशेने चालायला लागली, म्हणजे ती खालाच्याच चालीने पुढे सरकत राहिली, तिच्या शेजारी. पट्टा तिला पुढे नेतोय, ती मागे चालतेय, आणि दोघी बोलतायत. ती तिच्या भाषेत, खाला आपल्या. ती गुडघ्याला हात लावून काहीतरी म्हणाली, खाला म्हणाली, “हो ना, माझे पण.” एका सुटाबुटातल्या माणसाला त्या बाईमुळे अडकायला झालं, तर दोघींनी मिळून त्याच्याकडे असं बघितलं की तो कठडा ओलांडून फरशीवर उतरला.

मग तिच्या लोकांनी तिला हाक मारली आणि ती गेली.

आमची गाडी चुकली. तिकिटाच्या खिडकीशी मी अंगातलं सगळं बळ गोळा करून, शांत राहायची तयारी करून गेले. तिथल्या मुलीने तिकिटं बघितली, खालाकडे बघितलं आणि पुढच्या गाडीची करून दिली. एका शब्दाचीही गरज पडली नाही. माझी तयारी वाया गेली. खालाला बाक मिळाला. तिने पाय वर घेतले आणि सलवार जरा ओढून बघितलं. उजवा गुडघा पावासारखा फुगला होता.

“झाकून टाका,” मी म्हणाले.

“बघू दे. कुठवर आलाय ते बघू दे.”

आम्ही कागदी पेल्यातला पुदिन्याचा चहा घेतला आणि घरून आणलेला रोट त्यात बुडवून खाल्ला. रोट बुडवायला आपलाच चहा बरा.

गाडीत

गाडीबद्दल वाईट लिहायचं असेल तर मला खोटं बोलावं लागेल. फलाट आणि दार एका पातळीला. पाऊल उचलायला लागत नाही, आत सरकवायचं. खालाला ते इतकं आवडलं की ती दारात थांबून मागे वळून बघत होती, फट कुठे आहे म्हणून. माझे खालू, म्हणजे खालाचे नवरे, घोरपडीच्या यार्डात रेल्वेत होते, त्यामुळे गाड्यांबद्दल बोलायचा हक्क आमच्या घरात तिचा आहे.

“आवाजच नाही,” ती म्हणाली. “चालू आहे का?”

बाहेर वाळू, काळे डोंगर, विजेचे खांब, पुन्हा वाळू. आम्ही ‘लब्बैक’ म्हणत होतो, हजर आहे, मी हजर आहे. तिने पाय समोर लांब केले, डोळे मिटले. चेहरा सैल झाला. म्हटलं आता तासन् तास अशीच जाऊ दे. तोच गाडीत घोषणा झाली की मक्का येतंय.

“इतक्यात?” खाला खरोखर नाराज झाली. “आत्ता तर बसले. घोरपडीच्या यार्डातून पुणे स्टेशनला येताना याहून जास्त बसायला मिळतं.”

विमानतळाच्या रेल्वेला वेग हवा, असं आम्ही दर पत्रकात लिहितो. बसलेल्या माणसाला वेग कशाला हवा असतो?

“हेच मागता ना तुम्ही त्या कागदांत?” तिने विचारलं.

“हेच.”

“मागा. चांगली आहे.” मग जरा वेळाने, “पण फरशी एवढी चकचकीत मागू नका. पाय घसरतो.”

मक्का

स्टेशनापासून हरमपर्यंत, म्हणजे काबाभोवतीच्या मशिदीपर्यंत, टॅक्सी केली. तिथल्या चालकाने नाव, गाव, लग्न झालं का, सगळं विचारलं आणि मीटरचा विषय काढला नाही. मीही नाही काढला.

काबा दिसला तेव्हाचं मी लिहिणार नाही. ते खालाचं आहे.

दुपारची नमाज होऊन गेली होती. आम्ही फेऱ्यांना सुरुवात केली. पहिल्या दोन ती अशी झपाझप चालली की मला वाटलं डॉक्टरांना फोन करावा. तिसरीत माझा खांदा धरला. चौथीत खांद्यावरचं वजन वाढलं. आजूबाजूला सगळ्या जगाची माणसं, तरणी, म्हातारी, कडेवर मुलं घेतलेली, आणि सगळ्यांची एकच दिशा. पाचवीत ती काही म्हणतच नव्हती, फक्त श्वास ऐकू येत होता. ती फेरी पुरी झाली आणि खाला थांबली.

“बस,” म्हणाली.

आम्ही कडेला जाऊन बसलो. दमलं तर बसून पुन्हा सुरू करता येतं, म्हणून मी म्हटलं, तास बसू, दोन तास बसू. तिने तिथल्या पवित्र विहिरीचं, झमझमचं पाणी प्यायलं, थोडं गुडघ्यांवर लावलं. तिसऱ्या प्रहराची नमाज झाली, संध्याकाळची झाली. मग तिने माझा हात धरून उठून बघितलं. उजवा पाय सरळच होईना. ती परत बसली आणि काबाकडे बघत राहिली. रडली नाही. मी रडले, पण ते रागाने होतं.

मी खुर्ची आणली. खुर्च्या वरच्या मजल्यावर फिरवायच्या होत्या, तिथली फेरी जास्त लांब. उरलेल्या दोन फेऱ्या मी तिला ढकलत घातल्या, सईही तशीच. दोन्ही वेळा खाला हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. शेवटी मी तिची बट कापली, तिने माझी. एहराम संपला.

“आता मोकळी झालीस,” ती म्हणाली. “भांड कुणाशी हवं त्याच्याशी.”

मला त्या क्षणी एकही माणूस आठवला नाही. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. तिच्या पायांपाशी. दोन फेऱ्या कुठे गेल्या ते मला माहीत होतं. एक लोहगावच्या रांगेत गेली, एक त्या पट्ट्याशेजारी.

“पाच झाल्या माझ्या पायांनी,” खाला वरून म्हणाली. “आणि दोन विमानतळावर झाल्या. त्या धर.”

“त्या धरत नाहीत, खाला.” मी अशीच आहे, तोंडावर बोलते.

“तू कोण धरणारी?” ती म्हणाली.

खरंच, धरणारी मी नव्हेच. पण अल्लाहने त्या धरल्या असतील तर त्याला त्या दिसल्या म्हणून. रेल्वे मागणाऱ्या आम्हाला आजवर दिसल्या नव्हत्या, आणि आमची मागणी ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्यांना तर नाहीच. खोलीवर मी नवं पत्रक लिहायला बसले. ‘विमानतळापर्यंत रेल्वे’ हे वाक्य खोडलं नाही, ते बरोबरच आहे. त्याच्यापुढे लिहिलं, ‘आणि तिथून पुढे चालावं न लागता’, मग तेही नीट वाटेना. तीन-चार वेळा बदललं. अजून जमलेलं नाही.

परत

पुण्यात उतरलो तेव्हा विमानाच्या दारात खुर्ची उभी होती. ढकलणारा हुशार दिसत होता, त्याने खालाची चाल लांबूनच ओळखली.

“बसा मावशी.”

“नको.”

“खाला, बसा,” मी म्हणाले. मला सर्दी झाली होती, पाठ दुखत होती आणि झमझमच्या पाण्याचा डबा हाताला कापत होता. “बाहेर लांब जायचंय. इम्तियाजने गाडी ठरवलीय ती दूर उभी करतात.”

“मग चालू की.”

“सूज उतरलेली नाही तुमची. पाय राखा जरा.”

“आता कशासाठी राखू?”

मागून माणसं दाटली होती. कुणीतरी म्हणालं, “आजी, जरा कडेने.” ती कडेला झाली, सगळ्यांना जाऊ दिलं. खुर्चीवाला तिथेच घुटमळत होता. त्याला वाटलं ही आत्ता पडेल.

खालाने माझ्या हातातून डबा घेतला, तो त्या खुर्चीवर नीट मधोमध ठेवला, पट्टा लावला, आणि त्याला म्हणाली, “चल. हळू ने, सांडेल.” मग भिंतीला एक हात लावून ती चालायला लागली.